करिमा : पहाटे पाच ते रात्री आठ

पहाटे ५. जानेवारीतली करिमाची थंडी चांगली झोंबते. अजान होऊन गेलेली असते. जलाबियावर, म्हणजे सैल लांब अंगरख्यावर, जुना कोट चढवून आणि कान झाकतील अशी शाल गुंडाळून मजूर जबल बरकलच्या दिशेने निघतात. उत्तर सुदानमधलं हे नाईलकाठचं छोटं गाव, खजुराच्या बागांमागे लगेच वाळवंट सुरू होतं. उत्खननाचा हंगाम हिवाळ्यापुरताच असतो आणि त्यातही ऊन चढायच्या आत जेवढं उरकेल तेवढं खरं. पाहुण्यालाही हेच वेळापत्रक पाळावं लागतं.

सकाळी ६.३०. बरकल म्हणजे सपाट माथ्याचा, सुमारे शंभर मीटर उंचीचा वालुकाश्माचा डोंगर. त्याच्या कड्यापासून सुटलेला एक सुळका आहे. त्यात प्राचीन लोकांना फणा काढलेला नाग दिसला आणि डोंगरात आमोन देव राहतो अशी श्रद्धा रुजली. इ.स.पू. पंधराव्या शतकात इजिप्तचा फारो थुतमोस तिसरा इथवर पोचला. पुढे हेच ठिकाण, नापाता, इथल्या प्राचीन कुश राज्याचं केंद्र झालं. पायथ्याशी आमोनच्या मंदिराचे अवशेष आहेत, लांबी दीडशे मीटर. दारातले ग्रॅनाइटचे मेंढे मूळचे इथले नाहीत. फारो आमेनहोतेप तिसऱ्याने ते सोलेबच्या मंदिरासाठी घडवले होते. कुशच्या पिये राजाने तिथून उचलून आपल्या देवाच्या दाराशी आणून बसवले. राजांची ही सवय सगळीकडची.

८.००. राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतो आणि डोंगराच्या पोटातलं मुत देवीचं मंदिर उघडतो. कुशच्याच तहारका राजाने ते कड्यात खोदवून घेतलं. विजेरीच्या उजेडात भिंतींवरचे रंग उमटतात. इथे घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की आकृत्या एकेक करून दिसू लागतात.

१०.००. कामाची सुट्टी, म्हणजे न्याहारी. मोठ्या थाळीत फूल, म्हणजे शिजवून चेचलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, वर तिळाचं तेल, कांदा आणि जिरं. सगळे त्याच थाळीभोवती बसतात, उजव्या हाताने खातात आणि पाहुण्याला जागा करून देतात. सोबत गुरासा, गव्हाची जाड पोळी. नंतर चहावाल्या बाईकडे आलं घातलेली काळी कॉफी. तिचं दुकान म्हणजे कोळशाची शेगडी, चार बुटक्या खुर्च्या आणि साखरेचा डबा.

११.००. कुशच्या राजांच्या कबरी असलेल्या एल-कुरूला जायला रिक्षा. गाडी बजाजची, पुण्याच्या कंपनीची, पण आतली सजावट अस्सल सुदानी : झालरी, आरसे आणि ठणठणीत आवाजाचा स्पीकर. नदी इथे उत्तरेकडे वाहायचं सोडून नैर्ऋत्येला वळलेली असल्यामुळे नवख्याला दिशांचा पत्ता लागत नाही.

कुरूमध्ये वर पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पियेचा पिरॅमिड गेला, दगड इतरत्र लागले. पण पायऱ्या उतरून तनुतामनी राजाच्या कबरीत गेलं की छतावर रंगवलेल्या चांदण्या आहेत आणि भिंतीवर राजा. याच आवारात चोवीस घोडे उभ्याने पुरलेले सापडले. पियेने इ.स.पू. ७२८च्या सुमारास इजिप्तवर स्वारी केली, त्या विजयाचा शिलालेख बरकलला १८६२ मध्ये मिळाला. त्यात एक प्रसंग आहे : हरलेल्या राजाच्या तबेल्यात घोडे उपाशी ठेवलेले पाहून पिये भयंकर संतापतो. लेख कैरोच्या संग्रहालयात आहे, घोड्यांच्या कबरी इथे कुरूत. दोन्ही एकत्र वाचायला हवेत, पण सहलीच्या कार्यक्रमात बहुधा कैरोच असतं.

कुशकडे होणाऱ्या या दुर्लक्षाचं खापर काही अंशी जुन्या पंडितांवर फोडायला हरकत नाही. १९१६ ते १९२०च्या काळात बरकल, नूरी आणि कुरू खोदणारा जॉर्ज राइस्नर मोठा शिस्तीचा संशोधक. त्याच्या नोंदींशिवाय आजही पान हलत नाही. पण इजिप्त जिंकणारे हे राजे अस्सल आफ्रिकी असतील हे त्याच्या पचनी पडेना. त्याने त्यांचं मूळ लिबियात शोधलं. पुरावा हाताखाली आणि पूर्वग्रह डोक्यात!

दुपारी १.३०. खोदकाम थांबतं. मजूर घरी, खापऱ्या धुवायला आणि क्रमांक घालायला मुक्कामावर. बाजार मिटलेला. झोप.

४.००. पूल ओलांडून पलीकडच्या काठावर नूरीची राजेशाही दफनभूमी. तहारकाचा पिरॅमिड इथला सर्वांत मोठा, पायाची बाजू पन्नास मीटरहून थोडी जास्त. आता झिजून ढिगाऱ्यासारखा झालाय. खालच्या दफन-खोल्यांत भूजल शिरलं आहे. त्यामुळे २०१९ मध्ये संशोधकांनी नस्तासेन राजाच्या कबरीत चक्क पाणबुड्यांसारखं उतरून काम केलं. वाळवंटात बुडी मारावी लागते हे इथे येईपर्यंत खरं वाटत नाही.

५.३०. परत बरकल, यावेळी माथ्यावर. गावातली पोरंही आलेली असतात. वरून सगळा हिशेब कळतो : नदी, हिरवा पट्टा, वाळू आणि पश्चिमेच्या पायथ्याशी अरुंद, उभट पिरॅमिडांची रांग. उतरताना पोरं वाळूच्या घसरगुंडीवरून धावत सुटतात. मोठ्यांनीही तेच करावं, गुडघे सांभाळून.

रात्री ८. किसरा आणि भाजी. किसरा ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची, कागदासारखी पातळ. गावकरी शायगिया जमातीचे, अरबी बोलणारे. नुबी भाषेचा पट्टा इथून नदीच्या प्रवाहाबरोबर बराच पुढे लागतो. जुन्या आगबोटी काठाशी गंजत पडल्यात. रस्ते होईपर्यंत डोंगोलाला त्याच जात.

हे सगळं १५ एप्रिल २०२३ च्या आधीचं. त्या दिवशी सुदानमध्ये युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा पलीकडच्या मेरोवे विमानतळावरही लढाई झाली. खार्टुमच्या राष्ट्रीय संग्रहालयाची पुढे लूट झाली. वाटा पुन्हा खुल्या झाल्या तर इजिप्तच्या सहलीला शेपूट म्हणून इथे येऊ नका. आधी करिमाला या, कैरो नंतर बघा.