लेंट ४० दिवसांचा, मग कॅलेंडरवर ४६ दिवस का?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजा. ४६ भरतात. तरीही कॅथलिक आणि अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये लेंट, म्हणजे उपवासकाळ, ४० दिवसांचाच मानतात. मग सहा दिवस जातात कुठे?

आधी ४० का, ते पाहू. बायबलनुसार येशूने अरण्यात ४० दिवस उपवास केला. त्याची आठवण म्हणून हा काळ पाळतात. पहिल्या दिवशी कपाळावर राखेने क्रूस काढतात. ही राख सहसा गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. येशूच्या स्वागताच्या जल्लोषाचीच ती राख!

पुढे भर असतो प्रार्थना, उपवास आणि दानावर. उपवास म्हणजे फक्त मटण-मासे सोडणं नाही. त्यातून वाचलेले पैसे गरजूंपर्यंत जावेत, अशी अपेक्षा असते. वसईपासून गोव्यापर्यंत कॅथलिक चर्चमध्ये शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ होते. येशूच्या अखेरच्या प्रवासातल्या १४ प्रसंगांवर थांबून प्रार्थना करतात. घरातलं आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, असं स्वतःचं दुःखही भाविक त्यात मांडतात.

आता ते सहा दिवस. ते सगळे रविवार आहेत. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू रविवारी पुन्हा जिवंत झाला. म्हणून प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच, आणि तो उपवासात मोजत नाहीत.

थोडक्यात, आशेसाठी ईस्टरपर्यंत थांबावं लागत नाही. दुःखाच्या या काळातही ती दर आठवड्याला भेटते.