सहा द्रव्यांची काळी गोळी

चीनमधील कोणत्याही शहरातील औषधांच्या दुकानात, कंबर भरून येणे, गुडघ्यांतील बळ ओसरणे, कानांत सतत नाद होणे, रात्री घाम सुटणे आणि वीर्यक्षय अशा तक्रारी घेऊन जाणाऱ्या मध्यमवयीन पुरुषाच्या हाती जी काळी, मधात वळलेली, चवीला आंबटगोड गोळी बहुधा प्रथम ठेवली जाते, ती मुळात पुरुषांकरिता योजलेलीच नव्हती. ज्या बालकांची टाळू वेळेत भरत नाही, ज्यांच्या कंठातून स्वर उमटत नाही, ज्यांची चर्या फिकट असून डोळ्यांत पांढरा भागच अधिक दिसतो, अशा निस्तेज मुलांसाठी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका बालवैद्याने तिची योजना केली. ‘ल्यूवेई दीहुआंग वान’, म्हणजे दीहुआंग हे मूळ ज्यांत प्रधान आहे अशा सहा द्रव्यांची गोळी, हे तिचे नाव. पौरुषाचे औषध म्हणून आज तिची जी जगभर प्रसिद्धी झाली आहे, तिच्या गदारोळात या गोळीचा मूळ स्वभाव झाकोळून गेला आहे. आणि तो स्वभाव संयमाचा आहे, उत्तेजनाचा नव्हे, असे मला निश्चयाने वाटते.

या वैद्याचे नाव छियेन यी. जन्म सुमारे १०३२ चा, मृत्यू १११३ च्या सुमाराचा, आणि मूळ गाव आजच्या शांतुंग प्रांतातील. त्याचा पिता सुया टोचून रोग बरे करण्यात निष्णात, परंतु मद्य आणि भ्रमंती यांचा आसक्त. छियेन यी तीन वर्षांचा असताना तो पूर्वसमुद्राकडे निघून गेला, तो परतलाच नाही. आई आधीच निवर्तली होती. आत्याने मुलाला पदराखाली घेतले, आणि तिचा पती वैद्य असल्यामुळे त्याच्याच हाताखाली मुलाचे शिक्षण झाले. आपले जन्मवृत्त आत्याकडून कळल्यावर या तरुणाने पित्याच्या शोधार्थ पुनःपुन्हा प्रवास केला आणि अखेर त्याला घरी आणले. पुढे युआनफेंग काळात (१०७८ ते १०८५) काइफेंग या राजधानीत एका राजकन्येची मुलगी त्याने बरी केली. नंतर एका राजपुत्राला आचके येऊ लागले तेव्हा दरबारातील वैद्य हतबल झाले असता त्याने चुलीतल्या भाजलेल्या मातीचा काढा दिला. सम्राट शेनचुंग याने कारण विचारले असता, माती पाण्याला आवरते आणि पाणी स्थिर झाले की वारा आपोआप शमतो, असे पंचतत्त्वांच्या परिभाषेतले उत्तर त्याने दिले. त्याला राजवैद्याचा हुद्दा मिळाला आणि जांभळ्या झग्याचा बहुमान झाला. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव त्याने दरबाराचा निरोप घेतला, आणि उर्वरित आयुष्य गावातील मुलांची नाडी पाहण्यात घालविले. स्वतःच्या संधिविकारावर त्याने पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग नावाची भली मोठी बुरशी विधिपूर्वक खाऊन संपविली, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे; हीच फूलिंग त्याच्या गोळीतील सहा द्रव्यांपैकी एक आहे.

त्याने स्वतः ग्रंथ सिद्ध केला नाही. त्याच्याकडून लहानपणी उपचार घेतलेल्या येन श्याओचुंग या गृहस्थाने त्याच्या रोगनिदानांचे आणि योगांचे विखुरलेले कागद जमवून १११९ मध्ये बालरोगांवरील तीन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यामुळेच ही गोळी आपल्यापर्यंत पोहोचली.

तथापि छियेन यी हा या योगाचा आद्य कर्ता नव्हे; त्याने एका जुन्या योगातून काही काढून टाकले, आणि काढून टाकण्यातच त्याची प्रतिभा दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकालात हान साम्राज्य कोसळत असताना चांग चुंगचिंग नावाचा वैद्य होऊन गेला. आपल्या दोनशेंहून अधिक माणसांच्या कुळातील दोन तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत मरण पावली, त्यांतील बहुतेक शीतज्वराने, हे दुःख त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्याच्या ग्रंथाचा जो भाग पुढे सुंग राजवटीत दरबारी ग्रंथालयात जीर्ण अवस्थेत सापडला आणि अकराव्या शतकात सरकारी संशोधन-दप्तराने शुद्ध करून छापला, त्यात आठ द्रव्यांची ‘शेनछी वान’ ही गोळी आहे. वाळलेले दीहुआंग आठ भाग; शानयाओ हा कंद आणि शानचूयू हे फळ प्रत्येकी चार; त्सेश्ये हा कंद, फूलिंग आणि मूतान या फुलझाडाच्या मुळाची साल प्रत्येकी तीन; आणि दालचिनीच्या कोवळ्या काड्या व शोधित बचनाग प्रत्येकी केवळ एक भाग. अतितृष्णा होऊन जितके पाणी प्यावे तितकेच मूत्र जाणारा पुरुष आणि मूत्र अडलेली स्त्री, या दोघांनाही तीच गोळी सांगितलेली आहे.

छियेन यीने पाहिले की बालक स्वभावतःच उष्ण आणि वाढते असते, त्याला बचनाग आणि दालचिनी यांची आच नको. ती दोन द्रव्ये त्याने वगळली, साध्या वाळलेल्या दीहुआंगाच्या जागी वाफवून सिद्ध केलेले घेतले, आणि बाकीची सहा द्रव्ये त्याच प्रमाणात ठेवली. चूर्ण करून मधात वळावे, साधारण वाटाण्याएवढ्या गोळ्या कराव्यात आणि कोमट पाण्यातून रिकाम्या पोटी तीन द्याव्यात, इतकेच त्याचे विधान. त्याने बाळाला मंद पोषण दिले. कोणालाही पौरुषाचे अभिवचन दिले नाही.

मुलाची न भरलेली टाळू आणि साठीतल्या माणसाचे हलणारे दात एकाच औषधाखाली कसे यावेत, याचा उलगडा चिनी वैद्यकाच्या वृक्काच्या कल्पनेत होतो. त्यांचे वृक्क हे केवळ मूत्र गाळणारे इंद्रिय नव्हे. जन्मजात सत्त्वाचा तो साठा आहे, अस्थी आणि मज्जा त्याच्या अखत्यारीत, कान त्याचे द्वार, केस त्याची शोभा, आणि वीर्य हे त्याच सत्त्वाचे एक रूप. ‘ह्वांगदी नेइचिंग’ या प्राचीन ग्रंथात पुरुषाच्या आयुष्याची मोजणी आठ-आठ वर्षांनी केलेली आहे: आठव्या वर्षी वृक्काचे बळ भरते व दात बदलतात, सोळाव्या वर्षी प्रजननशक्ती येते, चाळिशीत केस गळू लागतात, आणि चौसष्टीपर्यंत दात व केस दोन्ही जातात. अशा रीतीने टाळूचे न भरणे हा त्या साठ्याचा जन्मतः अपुरेपणा ठरतो, आणि प्रौढाची कंबरदुखी व वीर्यक्षय हा त्याचा पुढील व्यय ठरतो. आपल्या आयुर्वेदात अष्टांगांपैकी रसायन आणि वाजीकरण ही दोन स्वतंत्र अंगे मानलेली आहेत. मराठी वाचकाला ही गोळी ठेवण्यासाठी फडताळ शोधायचेच असेल तर त्याने वाजीकरणाऐवजी रसायनाचे शोधावे, हे अधिक न्याय्य ठरेल.

सहांतील प्रधान द्रव्य दीहुआंग. होनान प्रांतात पीत नदीकाठी जुना ह्वाइछिंग परगणा आहे, तेथील दीहुआंग सर्वोत्तम मानले जाते, शानयाओही तेथलाच. या पिकाने शेतकऱ्याला मोठी शिस्त लावली आहे, कारण एकदा दीहुआंग घेतलेल्या जमिनीत ते लगेच पुन्हा घेतले तर मुळे रोगट होतात, आणि तीच जमीन पुन्हा त्यास योग्य होण्यास आठ-दहा वर्षे जावी लागतात. ताजी मुळे पिवळसर व शीतगुणी असतात. ती तांदळाच्या वा बाजरीजातीय धान्याच्या मद्यात भिजवून वाफवितात आणि उन्हात वाळवितात, आणि जुन्या रीतीप्रमाणे हा क्रम नऊ वेळा होतो, तेव्हा कुठे ती काकवीसारखी काळी, चिकट आणि गोड होतात. या उष्णतेत मुळांतील कॅटाल्पोल नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात घटते आणि शर्करांचे रूप पालटते, हे आधुनिक रसायनशास्त्राने दाखविले आहे. शीतगुण जाऊन पोषक गुण येतो, हे जुन्या वैद्यांचे म्हणणे या निरीक्षणाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. शानचूयूचे लाल फळ होनानच्याच शीश्या भागातील डोंगरांतून येते, आणि त्यातील बी काढलीच पाहिजे असा दंडक आहे, कारण बी वीर्य टिकवीत नाही, उलट स्रवविते, असे परंपरा मानते. मूतानची साल आन्हुई प्रांतातील तुंगलिंगच्या टेकड्यांवरची नावाजलेली; मूतानच्या बाबतीत लोयांग शहर फुलांसाठी, तुंगलिंग मुळांसाठी. त्सेश्ये ही दलदलीतील वनस्पती, तिचा कंद घेतात.

आता या सहांची गंमत अशी, की ती तीन जोड्यांत उभी आहेत. दीहुआंग सत्त्व भरते, पण जड असते, म्हणून त्सेश्ये साचलेले पाणी बाहेर काढते. शानचूयू उष्ण व स्तंभक, म्हणून मूतान आतील दाह उतरविते. शानयाओ पचनाला बळ देते, आणि फूलिंग त्याच पचनमार्गातील ओल शोषते. प्रत्येक देणाऱ्याच्या शेजारी एक घेणारा बसविला आहे, आणि देणाऱ्यांचे वजन सोळा भाग, घेणाऱ्यांचे नऊ. मिंग आणि छिंग काळातील भाष्यकारांनी हे विवरण केले. आणि ज्या औषधात पुष्टीच्या जोडीला निचराही आहे, तेच दीर्घकाळ घेता येते, हा त्यांचा विचार मला या योगातील सर्वांत मोलाचा वाटतो.

सोळाव्या शतकात श्वे ची (१४८७–१५५९) या राजवैद्याने हा योग मुलांकडून मोठ्यांकडे आणला. त्याच्यामागून चाओ श्येनखो याने मानवी जीवनाचे मूळ वृक्कांमधील अग्नीत आहे असा सिद्धान्त मांडून, सहाची आणि आठाची अशा दोनच गोळ्या जवळजवळ सर्व व्याधींवर चालविल्या. अठराव्या शतकात श्यू ताछुन या परखड वैद्याने त्याच्या ग्रंथावर कठोर खंडनग्रंथ लिहिला, तो या एकांगीपणामुळेच. चांग चिंगयुए (१५६३–१६४०) याने तर निचरा करणारी तिन्ही द्रव्ये काढून त्यांच्या जागी हरणाच्या शिंगांचा सरस, कासवाच्या कवचाचा सरस अशी निव्वळ पौष्टिक द्रव्ये घातली. ही गोळी पुरुषांना आवडणारी झाली खरी, परंतु छियेन यीच्या योगातला संयम तिच्यात उरला नाही, असे म्हणणे मला भाग आहे.

बीजिंगमधील तुंगरेनतांग हे औषधालय १६६९ मध्ये स्थापन झाले आणि १७२३ पासून राजवाड्याला औषधे पुरवीत असे. अशा पिढीजात दुकानांतून ही मधाची गोळी मोठी, मेणाच्या आवरणात मोहरबंद करून विकली जाई. आज कारखान्यांतून बनणाऱ्या अर्कयुक्त लहान गोळ्या आठ-आठ, दिवसातून तीनदा घेण्याची रीत आहे. जपानमध्ये आठ द्रव्यांचा मूळ योग व त्यापासून झालेला दहा द्रव्यांचा योग हे दोन्ही सार्वजनिक आरोग्यविम्यातून मिळतात. तेथे कर्करोगाच्या औषधाने हातापायांना येणारी बधिरता हा दहा द्रव्यांचा योग टाळू शकतो काय, याची मोठी चाचणी घेण्यात आली. लाभ दिसत नाही म्हणून ती मध्येच थांबविण्यात आली. शांघायमधील शेन त्सयीन या वैद्याने वृक्काच्या उष्णतेचा क्षय मानलेल्या रुग्णांच्या मूत्रातील अधिवृक्क-ग्रंथींच्या संप्रेरकांचे अवशेष मोजून ते कमी असल्याचे दाखविले. ते संशोधन आठ द्रव्यांच्या बाजूचे; सहांच्या गोळीवर चीनमध्ये प्रयोग पुष्कळ झाले, परंतु निर्विवाद निर्णय देतील असे मोठे, काटेकोर प्रयोग त्यांत थोडेच.

वृक्काच्या औषधानेच वृक्क जावे, अशी घटना मात्र अलीकडे घडलेली आहे. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या वैद्यांनी नोंदविले की वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची चूर्णे घेणाऱ्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. एका निरुपद्रवी मुळाच्या जागी नामसादृश्यामुळे ॲरिस्टोलोकिया जातीचे विषारी मूळ आले होते, आणि अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. ल्यूवेई दीहुआंग वानच्या मूळ घटकांत असे विष नाही. तरीही पुरुषशक्तीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक ‘वनस्पतीजन्य’ गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले आढळून अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने वारंवार इशारे दिलेले आहेत, आणि हृदयरोगावर नायट्रेट घेणाऱ्या माणसाला ती भेसळ जिवावर बेतू शकते. मूत्रात रक्त, चेहऱ्यावर सूज किंवा वाढता रक्तदाब अशी चिन्हे असता प्रयोगशाळेत मूत्रपिंडांची तपासणी करून घेणे हेच आधी कर्तव्य आहे. त्याला या गोळीचा पर्याय नाही.

आणि चिनी वैद्य स्वतः ही गोळी सर्वांना देत नाहीत. ज्याचे तळवे उष्ण, घसा कोरडा, जीभ लाल व जवळजवळ निरावरण आहे, त्याला ती देतात. ज्याला थंडी सहन होत नाही, हातपाय गार पडतात, रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, त्याला सहांची गोळी न देता चांग चुंगचिंगची आठांची देतात. आणि ज्याची जीभ जाड पांढऱ्या थराने भरलेली आहे व भूक मेलेली आहे, त्याला दीहुआंग मुळीच देत नाहीत, त्याचे पचन आधी सुधारतात. छातीवर हात ठेवून आपला रोग ‘वृक्कांचा अशक्तपणा’ म्हणून स्वतःच ठरविणारा आणि जाहिरात पाहून दुकानात शिरणारा ग्राहक यांतील कोणत्या वर्गात बसतो, हे गोळीच्या डबीवर छापलेले नसते. ते जीभ पाहून आणि नाडी धरून कोणीतरी ठरवावे लागते.