गिअर किती झटकन बदलावा?

वैशाखातील दुपारी दुर्ग-भिलाईच्या जोडशहरात पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊ शकतो. अशा वेळी मोहन नगरच्या रस्त्यावरून थांबत, निघत, पुन्हा थांबत एखादी स्वयंचलित गिअरची मोटार चाललेली असावी. चालकाला क्लच दाबावा लागत नाही, दांडी ओढावी लागत नाही. एंजिनाचा आवाज किंचित उतरतो आणि गाडी पुढच्या गिअरमध्ये जाते. धक्का मुळीच बसला नाही म्हणून चालक संतुष्ट होतो. परंतु प्रवाशाला जे सौम्य वाटते ते यंत्रालाही सौम्यच असते काय?

या प्रश्नाचे उत्तर गिअरपेटीच्या अंतर्रचनेत आहे. स्वयंचलित पेटीतील दंतचक्रे एकमेकांत सदैव गुंतलेली असतात. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मधल्या चक्राभोवती लहान चक्रे फिरतात. त्यांपैकी कोणते धरून ठेवायचे व कोणते फिरू द्यायचे, यावर गिअर ठरतो. हे धरण्याचे व सोडण्याचे काम मुख्यतः घर्षणचकत्यांचे गठ्ठे करतात. तेलाचा दाब दट्ट्याला रेटतो आणि दट्ट्या चकत्यांना एकमेकींवर आवळतो. पकड पुरती बसेपर्यंत चकत्या काही क्षण घसरत राहतात. गिअर बदलताना जो मऊपणा जाणवतो, तो या घसरणीचाच.

गती बदलताना थोडी घसरण पत्करायची, ही कल्पना जुनी आहे. जर्मन अभियंता हेरमान फोटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी द्रवाच्या माध्यमातून शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. टॉर्क कन्व्हर्टरचा उगम तोच. १९३९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' ही स्वयंचलित गिअरपेटी जाहीर केली आणि ती ऑल्ड्समोबिल गाड्यांत बसू लागली. भारतात मनमोहन सुरी यांनी डिझेल एंजिनांसाठी शोधलेली 'सुरी ट्रान्समिशन' प्रसिद्ध झाली. १९६२ सालचे भटनागर पारितोषिक मिळवणारे हे अभियंते पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक होते. जड गाडी जागची हलवताना द्रवाचा मऊ हात आणि वेग आल्यावर धातूची थेट जोडणी, असा मेळ त्यांनी घातला. द्रवामुळे आरंभ सुखाचा होतो, पण त्याच्या घसरणीत शक्ती वाया जाते. म्हणून ही घसरण किती काळ चालू द्यावी, हा प्रश्न आगगाडीत आणि मोटारीत सारखाच येतो.

त्याचा हिशेब मांडता येतो. समजा, एका गाडीचे एंजिन २०० न्यूटन-मीटर इतका पीळ देत आहे आणि मिनिटाला ४,००० फेरे करीत आहे. दीडपटीच्या गिअरवरून ती थेट गिअरवर जाते, तेव्हा एंजिनाचे फेरे सुमारे २,६७० वर उतरले पाहिजेत. नवी पकड बसवणाऱ्या चकत्यांना दोन कामे करावी लागतात: एंजिनाचा पीळ पेलणे आणि फिरत्या भागांचा अधिक वेग जिरवणे. फिरत्या भागांचे जडत्व ०.२ किलोग्रॅम-मीटर-वर्ग धरले, तर पुढील आकडे मिळतात.

गिअर ०.८ सेकंदात बदलला, तर चकत्यांत सुमारे १३ किलोजूल उष्णता निर्माण होते आणि त्यांच्यावर सुमारे २३५ न्यूटन-मीटर पीळ येतो. वेळ निम्मी, म्हणजे ०.४ सेकंद केली, तर उष्णता साडेसात किलोजूलांवर येते आणि पीळ २७० होतो. येथे लाभ मोठा व किंमत थोडी आहे. परंतु याच उत्साहात वेळ ०.१ सेकंदावर आणली, तर उष्णता सुमारे साडेतीन किलोजूलांपर्यंत उतरते खरी. पीळ मात्र ४८० वर उसळतो. एंजिन देत असलेल्या पिळाच्या दुपटीहून अधिक असा हा तडाखा पुढे दांड्यांना, सांध्यांना आणि प्रवाशांच्या मानेला सोसावा लागतो.

यावरून दोन्ही टोकांचा धोका दिसतो. अति मऊ बदल चकत्या जाळतो आणि अति कडक बदल दांड्या मोडतो. पहिले नुकसान चालकाच्या लक्षात येत नाही, एवढाच फरक.

बदल अधिक पक्का करू इच्छिणारे कारागीर याच वेळेशी खेळतात. चकत्यांकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर एक बारीक छिद्र असते. ते २ मिलिमीटरऐवजी २.५ मिलिमीटरचे केले, की क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर तेलाचा ओघ, सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो; कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. अर्धा मिलिमीटर ही येथे क्षुल्लक गोष्ट नव्हे. तेलाचा दाब हळूहळू चढावा म्हणून बसवलेल्या संचयकाची स्प्रिंग कडक करणे, किंवा मूळ दाबच वाढवणे, हे आणखी दोन उपाय. अलीकडच्या गाड्यांत हा दाब संगणकाच्या आज्ञेने ठरतो. तेथे छिद्राइतकाच आज्ञावलीचाही विचार करावा लागतो.

शिवाय एक गठ्ठा पकडत असतानाच दुसरा सुटला पाहिजे. दोन्ही क्षणभर धरून राहिले, तर पेटी स्वतःलाच ब्रेक लावते. दोन्ही सुटले, तर एंजिन मोकळे होऊन भरधाव फिरते. म्हणून एकच छिद्र मोठे करून थांबणारा कारागीर एक दोष काढून दुसरा घालतो.

झिजलेल्या पेटीवर तर हा उपाय लागूच पडत नाही. तेल काळपट होऊन त्याला करपल्याचा वास येत असेल, तर चकत्या आधीच जळल्या आहेत असे समजावे. प्रथम तेलाची पातळी, गाळणी व दाबमापकावरील दाब तपासावा. बदलाचा विचार त्यानंतर. तसेच बाजारात 'ऑटोमॅटिक' म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी या जातीची नसते. काहींत पट्टा व कप्प्या असतात, काहींत साध्या गिअरपेटीचाच क्लच यंत्र दाबते. त्यांना वरील उपाय लागू नाहीत.

मोहन नगरच्या उन्हाळ्यात आणखी एक गणित लक्षात ठेवावे लागते. पेटीतील तेल ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल, तर दोहोंत ७० अंशांचे अंतर असते. हवा ४५ अंशांवर गेली, की हे अंतर ५० वर येते आणि तेल थंड करण्याची शीतकाची क्षमता साधारण तितक्याच प्रमाणात, म्हणजे दोन-सप्तमांशाने, घटते. गर्दीत तर गिअर वारंवार बदलतो, म्हणजे उष्णतेची आवक वाढते आणि जावक कमी होते. अशा ठिकाणी घसरणीचा काळ थोडा घटवणे आणि शीतक मोठा बसवणे, हे दोन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरतात. त्यांतला दुसरा अधिक निर्धोक असल्याने तो आधी करावा.

गिअर बदलताना हलकीशी, स्पष्ट पकड जाणवली तर तिला दोष समजण्याचे कारण नाही. त्या क्षणी चकत्यांनी आपले काम वेळेत संपवलेले असते.