उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

रविवारी सकाळी कळव्यातल्या सोसायट्यांच्या आवारात एक आवाज हमखास ऐकू येतो. किल्ली फिरवली की बॉनेटखालून नुसतं खट-खट-खट. आठवडाभर मालक लोकलने कामावर गेलेला, गाडी कव्हरखाली उभी. मग प्रश्न येतो, ''गाडी वापरलीच नाही, तर बॅटरी उतरली कशी?''

वापरली नाही म्हणूनच उतरली. लॉक केलेल्या गाडीतही अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, इंजिनाचा कंप्युटर जागेच असतात. हा खर्च 30 मिलिअँपिअर धरला तरी आठवड्याला 5 अँपिअर-तास होतो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची. महिनाभर गाडी उभी राहिली, तर निम्म्याहून जास्त चार्ज काहीही न करता संपतो. आणि बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात. पुढे कितीही चार्ज केलं तरी ते पूर्ण विरघळत नाहीत.

यावर बरेच जण रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात. हेतू चांगला, पण उपयोग फार थोडा. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, अल्टरनेटर कमी करंट देतो, त्यात एसी आणि दिवे चालू असले तर बॅटरीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खारेगावमार्गे नाशिक हायवेला जाऊन अर्धा-पाऊण तास गाडी पळवा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र वेगळा आहे: सेल्फ लागला नाही म्हणजे बॅटरी गेली. आमच्या इमारतीतल्या एका काकांना गॅरेजवाल्याने थेट नवी बॅटरी घ्यायला सांगितलं होतं. बॉनेट उघडलं तर टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साठलेली आणि क्लॅम्प बोटांनी फिरत होता. क्लॅम्प काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं केलं, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलीन लावलं. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. हे काम करताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. नाहीतर पान्हा बॉडीला लागला की ठिणगी उडते.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा 13.8 ते 14.5च्या दरम्यान हवा. तो 13च्या खालीच राहिला, तर दोष चार्जिंगमध्ये असू शकतो. तसं असेल, तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. उलट, भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6च्या खाली कोसळत असेल, तर मात्र ती खरंच संपत आली आहे.

'थंडीत बॅटरी मरते' हे आपल्याकडे लागू नाही. इथे तिला मारतो उन्हाळा. म्हणून तीन वर्षं झाली की पावसाळ्यापूर्वी एकदा तपासून घ्या. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला; नळाचं पाणी नको, अ‍ॅसिड तर मुळीच नको. 'मेंटेनन्स-फ्री' म्हणजे पाणी घालायला लागत नाही, इतकंच. टर्मिनल तिचेही साफ करावेच लागतात. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या रबरी खोक्यांच्या काळातली. आताच्या प्लास्टिकला त्याने काही होत नाही.

बदलताना जास्त अँपिअर-तासांच्या मागे लागू नका. कंपनीने सांगितलेला आकार, क्षमता आणि टर्मिनलची बाजू जुळली पाहिजे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत तर साधी बॅटरी टाकूच नका.

आणि जुनी बॅटरी भंगारात घालू नका. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्यांकडेच द्यायची असते, आणि दुकानदार तिचे पैसे वजा करून नवी देतो. भंगारात गेलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड बऱ्याचदा गटारात ओततात आणि त्यासोबत शिसंही जातं. आपली गटारं ठाणे खाडीला मिळतात. त्याच खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. म्हणून एवढं कराच: बॅटरी न उघडता, आतल्या अ‍ॅसिडसकट, सरळ उभी धरून दुकानात नेऊन द्या.