बिगरहंगामी पर्यटन
बिगरहंगामी पर्यटन : पर्यटनस्थळी मुख्य हंगामाखेरीजच्या काळातही प्रवासी यावेत, या हेतूने योजिलेले पर्यटन. हंगामात अपुरी पडणारी निवासस्थाने एरवी रिकामी राहतात. त्यांच्या देखभालीचा खर्च टळत नाही. उलट हॉटेल-कामगार, वाहनचालक व लहान दुकानदार यांची मिळकत मात्र खुंटते. ही विषमता कमी करण्यासाठी शासन रस्ते, पर्यटक-निवास, प्रसिद्धी, महोत्सव व सवलतीचे दर यांवर सार्वजनिक निधी खर्च करते. महाराष्ट्रात या कार्यासाठी १९७५ मध्ये पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे वर्षाला सरासरी सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो व तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यापूर्वीच पाहुणे खाली उतरत आणि घरांच्या भिंती गवती तट्ट्यांनी झाकीत. अलीकडे धुके व धबधबे पाहण्यासाठी लोक पावसाळ्यातही येतात. तथापि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटरस्ता ठिकठिकाणी खचला.

साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाल्यावर पावसाळ्याअखेरच्या फुलांच्या बहरात तेथे गर्दी लोटली. परिणामी प्रवेशशुल्क व दैनिक संख्यामर्यादा योजावी लागली. व्यवस्थेत स्थानिक ग्रामस्थांच्या वनसमित्यांना वाटा मिळाला. सारांश, प्रवासी आणण्यावरील खर्चाइतकाच रस्त्यांची सुरक्षितता, स्वच्छता व निसर्गरक्षण यांवरील खर्चही आवश्यक ठरतो.