वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमातील व्यावसायिक परीक्षा : स्वरूप, पूर्वतयारी आणि अध्यापकांची भूमिका

प्रस्तावना

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविणारा विद्यार्थी बहुधा शालेय जीवनात परीक्षेला कधी अडखळलेला नसतो. तरीही प्रथम वर्षाच्या निकालात अनुत्तीर्ण होणारे विद्यार्थी यांच्यापैकीच असतात. या विसंगतीचे कारण केवळ बुद्धी किंवा परिश्रम यांच्या अभावात शोधणे योग्य ठरत नाही. परीक्षा जे मागते आणि विद्यार्थी ज्या पद्धतीने तयारी करतो, यांतील अंतर हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार केला आहे.

परीक्षेचे स्वरूप

महाराष्ट्रातील शासकीय व बहुतांश खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या एम.बी.बी.एस. परीक्षा नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. प्रथम, द्वितीय, तृतीय भाग १ आणि तृतीय भाग २ असे या परीक्षांचे चार टप्पे आहेत. २०१९ पासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. प्रथम वर्षात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांचे प्रत्येकी १०० गुणांचे दोन लेखी पेपर असतात. प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा त्याव्यतिरिक्त होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रथम परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी कमाल ४ संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी ९ वर्षांची मर्यादा आहे. एका अपयशाचे मोल किती मोठे असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

ओळखणे आणि आठवणे

प्रवेशपरीक्षेत दिलेल्या चार पर्यायांतून अचूक उत्तर ओळखावयाचे असते. व्यावसायिक परीक्षेच्या दीर्घोत्तरी प्रश्नात मात्र कोरा कागद समोर असतो. वारंवार वाचन व अधोरेखन केल्याने मजकूर परिचित वाटू लागतो. परंतु परिचय म्हणजे स्मरण नव्हे. रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र स्वतःला आठवावयास लावणाऱ्या विद्यार्थ्यांना अधिक मजकूर स्मरत होता. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पुनर्वाचन फलदायी का भासते आणि वर्षभर का टिकत नाही, याचा उलगडा यातून होतो.

यास्तव तयारीचे एकक ‘किती पाने वाचली’ हे नसून ‘पुस्तक मिटून किती सांगता आले’ हे असावयास हवे. उदाहरणार्थ, बाहूतील मज्जातंतूंचे जाळे, अर्थात ब्रेकियल प्लेक्सस, कोऱ्या कागदावर रेखाटून पाहावे. चुकलेली शाखा दुरुस्त करावी. चार दिवसांनी व पुढे पंधरा दिवसांनी ते पुन्हा रेखाटावे. त्यापुढे जाऊन, दंडाचे हाड मध्यभागी मोडल्यास मनगट लुळे का पडू शकते, हा प्रश्न स्वतःस विचारावा. त्या हाडालगत जाणाऱ्या रेडियल मज्जातंतूस इजा होते, हे उत्तर ज्याला स्वतः मांडता येते, त्याला तोंडी परीक्षेचे भय कमी वाटते.

प्रात्यक्षिक परीक्षा

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये ज्ञान असणे, ते कसे वापरावे हे जाणणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे अशा चार पायऱ्या मांडल्या. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचते. तिसऱ्या पायरीसाठी डंडी येथील रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सालयीन परीक्षा मांडली. तीत विद्यार्थी ठरावीक वेळाने एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी पूर्वनिश्चित निकषांवर त्याचे मूल्यमापन होते. परीक्षकाच्या वैयक्तिक मर्जीचा प्रभाव त्यामुळे कमी होतो.

अंतिम परीक्षेतील ‘लाँग केस’मध्ये मात्र विद्यार्थ्याला संपूर्ण रुग्ण समजून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. रुग्ण ‘छातीत धडधडतं’, ‘दम लागतो’ असे सांगतो. विद्यार्थ्याने तेच परीक्षकांपुढे इंग्रजीत, कालक्रमाने मांडावयाचे असते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी माहिती घेण्यात सरस असूनही सादरीकरणात कमी पडू शकतो. हे कौशल्य ग्रंथालयात मिळत नाही. कक्षात नियमितपणे रुग्ण तपासून व मोठ्याने सादर करूनच ते अंगी बाणते.

अध्यापकांची भूमिका

विद्यापीठ परीक्षेस बसण्यासाठी लेखी विषयांत ७५ टक्के व प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थिती, तसेच अंतर्गत मूल्यमापनातील पात्रता आवश्यक असते. हे मूल्यमापन केवळ पात्रतेची चाळणी ठरले, तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. उत्तरपत्रिका चुकांच्या नोंदींसह लवकर परत करणे, लहान व वारंवार चाचण्या घेणे, विद्यार्थी रुग्ण तपासत असताना स्वतः शेजारी उभे राहणे आणि पहिल्याच चाचणीत मागे पडलेल्यांना वेगळे बोलावून त्यांच्या अभ्यासपद्धतीची विचारपूस करणे, हे उपाय कोणत्याही विभागास शक्य आहेत. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला ‘अधिक वाच’ असे सांगणे पुरेसे नाही. कसे वाचावे, हेही सांगितले पाहिजे.

समारोप

पदवीनंतरची नीट-पीजी ही स्पर्धा पुन्हा पर्यायी प्रश्नांचीच असल्याने, अंतिम वर्षातील विद्यार्थ्याचे मन कक्षातून शिकवणीकडे ओढले जाण्याचा धोका आहे. अशा वेळी व्यावसायिक परीक्षेचे प्रयोजन अध्यापकांनीच जपावयाचे आहे. आंतरवासितेच्या काळात रात्री अपघात विभागात येणारा रुग्ण चार पर्याय घेऊन येत नाही. त्या क्षणाची तयारी वर्षभर घडविणारी परीक्षाच सार्थ म्हणता येईल.