पौलाचा काटा आणि झाडीपट्टीचा ताप

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असे करत दरेकशाच्या जंगलातून डोंगरगडला उतरते. गोंदिया या वाटेच्या जवळजवळ मधोमध आहे. १८९३च्या सुमारास याच मार्गावर रेल्वेच्या डब्यात कोकणातला एक तरुण कवी आणि एक गोरा मिशनरी समोरासमोर बसले होते. कवी म्हणजे नारायण वामन टिळक आणि मिशनरी म्हणजे फ्री मेथडिस्ट पंथाचे अर्नेस्ट वॉर्ड. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. निरोप घेताना वॉर्ड यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळकांना सुरुवातीला पुस्तक रुचले नाही, पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची कथा लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

त्या छोट्या पुस्तकात प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले दुसरे पत्रही होते. त्याच्या बाराव्या अध्यायातल्या तीन-चार ओळींवर ख्रिस्ती जगात अठराशे वर्षे वाद चालू आहे. पौल लिहितो, की चौदा वर्षांपूर्वी आपल्याला तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेण्यात आले आणि सांगता येऊ नये असे काही ऐकू आले. त्या अनुभवाचा गर्व चढू नये म्हणून आपल्या देहात एक काटा दिला गेला; तो सैतानाचा दूत असून आपल्याला बुक्क्या मारत असतो. हा काटा निघावा म्हणून आपण प्रभूला तीनदा विनवले. उत्तर आले ते नकाराचे: माझी कृपा तुला पुरे आहे, माझे सामर्थ्य दुर्बळपणातच पूर्णत्वाला जाते. एवढे लिहून पौल पुढच्या विषयाकडे वळतो. काटा म्हणजे नेमके काय, हे तो या पत्रात सांगत नाही आणि इतर पत्रांतही सांगत नाही.

मग ज्याने त्याने आपापल्या परीने उत्तर शोधले. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुल्यनाने लिहिले, की लोक म्हणतात ते कानाचे किंवा डोक्याचे दुखणे होते. म्हणजे पौलाला जाऊन दीडशे वर्षे होत नाहीत तोच ही चर्चा लोकांच्या तोंडी होती. जेरोमनेही डोकेदुखीची समजूत नोंदवली आहे. चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमला मात्र ही कल्पना मुळीच पटली नाही. पौलाचा देह सैतानाच्या ताब्यात जाईल हे त्याला मान्यच नव्हते. त्याच्या मते काटा म्हणजे पौलाला छळणारी माणसे, उदाहरणार्थ आलेक्सांद्र नावाचा तांबट. या मताला जुन्या करारात आधार सापडतो, कारण तिथे शत्रूंना कुशीतले काटे म्हटले आहे. विसाव्या शतकातही काही अभ्यासकांनी हेच मत नव्याने मांडले. मध्ययुगातल्या मठवासी साधूंना काट्यात कामवासना दिसली. ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन ज्या विकाराशी ते रात्रंदिवस झगडत होते, तोच त्यांनी पौलाच्या देहात पाहिला. धर्मसुधारक ल्यूथरने हा अर्थ फेटाळला. स्वतः ल्यूथर निराशेच्या आणि छळाच्या वणव्यातून गेलेला, त्याने काट्यात छळ आणि आत्म्याची घालमेल वाचली. कॅल्व्हिनने सगळ्या प्रकारच्या मोहांची आणि परीक्षांची मोळीच त्यात बांधली.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकशास्त्र पुढे सरसावले आणि पौल जणू रुग्णशय्येवर आला. इंग्लंडमधले विद्वान लाइटफुट यांनी १८६५ साली पौलाच्या गलतीकरांस पत्रावर भाष्य लिहिताना फेफऱ्याकडे कल दाखवला आणि इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या दुखण्याशी तुलना केली. फेफऱ्याच्या बाजूने एक पुरावा दिला जातो. पौल गलतीच्या लोकांना म्हणतो, की माझ्या शरीराची अवस्था पाहून तुम्ही माझा तिटकारा केला नाही. मूळ ग्रीकमध्ये इथे थुंकण्याचा उल्लेख आहे. फेफरे आलेला माणूस दिसला की बाधा आपल्याला लागू नये म्हणून थुंकण्याची चाल त्या काळी होती. नजर लागू नये म्हणून आपल्याकडे आज्या 'थू थू' करतात, त्यातली भीती याच जातीची. तरीही एवढ्या एका शब्दावर रोगाचे निदान उभे करणे मला धाडसाचे वाटते.

डोळ्यांचे दुखणे हे मत अधिक भक्कम आहे आणि ते मांडणाऱ्या एका लेखकाचे महाराष्ट्राशी नाते आहे. फ्रेडरिक विल्यम फॅरर यांचा जन्म १८३१ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते आणि त्यांनी नाशकात काम केले. हेच फॅरर पुढे कँटरबरीच्या महामंदिराचे डीन झाले. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पौलचरित्रात त्यांनी नेत्ररोगाचा पक्ष घेतला. दिमिष्काच्या वाटेवर दिव्य प्रकाशाने पौल तीन दिवस आंधळा झाला होता. पुढे गलतीच्या लोकांना तो म्हणतो, की शक्य असते तर तुम्ही स्वतःचे डोळे काढून मला दिले असते. पत्राच्या शेवटी आपण केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहीत आहोत, याकडे तो लक्ष वेधतो. धर्मसभेत समोर बसलेला प्रमुख याजक त्याला ओळखू आला नाही. हे सारे एकत्र ठेवले की अंधूक नजरेचा, लेखनिकाला मजकूर सांगणारा पौल डोळ्यांपुढे उभा राहतो.

गोंदियाच्या वाचकाला मात्र आणखी एक मत जवळचे वाटेल. विल्यम रॅमझे हा स्कॉटिश पुरातत्त्वज्ञ १८८०पासून आजच्या तुर्कस्तानात पौलाच्या वाटा तुडवत होता. १८९३ साली, म्हणजे टिळकांच्या त्या प्रवासाच्याच सुमारास, त्याने आपले मत मांडले: पौलाचा काटा म्हणजे हिवताप. त्याची मांडणी भूगोलावर उभी आहे. धर्मप्रसाराच्या पहिल्या फेरीत पौल सायप्रसहून पंफुल्यातल्या पिर्गा शहरी उतरला. हा सखल, दलदलीचा, दमट किनारा. तिथे तो फार थांबला नाही. तोरोस पर्वत ओलांडून हजारएक मीटर उंचीवरच्या पिसिदियातल्या अंत्युखियाला गेला; हे शहर तेव्हा गलती प्रांतात मोडत असे. सोबतचा योहान मार्क पिर्गाहूनच परतला. आपण शरीराच्या आजारपणामुळे तुमच्याकडे आलो, असे पौल गलतीकरांना स्वतः लिहितो. रॅमझे म्हणतो, किनाऱ्यावर ताप भरला आणि पौल थंड हवेच्या पठारावर गेला. तो ताप पुन्हा पुन्हा उलटत राहिला आणि त्यातली डोकेदुखी तापल्या सळईने कपाळ भेदल्यासारखी असते, हे रॅमझेने त्या भागातल्या रोग्यांकडून ऐकले होते. लक्षात ठेवावे, की डासांचा आणि हिवतापाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत सिद्ध केला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. रॅमझेचे अनुमान त्याआधीचे आहे.

झाडीपट्टीत हे वर्णन परके वाटत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. दोन्ही जिल्हे तलावांचे आणि धानाचे. माजी मालगुजारी तलाव, पाण्याने भरलेल्या बांध्या, सालेकसा-देवरी-अर्जुनी मोरगावकडचे जंगल. रोवणीच्या दिवसांत इथे थंडीताप ही नेहमीची गोष्ट. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात आणि रोगी बरा झाला असे वाटत असतानाच काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. म्हणूनच त्यावरच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात आणि म्हणूनच त्या मध्येच सोडणे घातक ठरते. पौलाच्या काळी अशी गोळी नव्हती. हुडहुडी भरली की तंबूच्या कापडाखाली कुडकुडत पडायचे, उतरली की पुन्हा चालू लागायचे, एवढेच हाती होते.

रॅमझेच्या मताला एक मोठी हरकत आहे. पौलाने हे पत्र इसवी सन ५५-५६च्या सुमारास लिहिले. स्वर्गदर्शन त्याच्या चौदा वर्षे आधीचे, म्हणजे ४२च्या आसपासचे. पिर्गाचा प्रवास मात्र ४६-४८चा. काटा दर्शनानंतर लगेच मिळाला असेल तर तो पिर्गाचा ताप असू शकत नाही. यावर असे म्हणता येते, की पौलाचे जन्मगाव तार्स किलिकियाच्या मैदानात आहे आणि ते मैदानही हिवतापाचेच. वाद इथे संपत नाही आणि संपणारही नाही. माझ्या मते सगळ्या वैद्यकीय तर्कांत हाच तर्क पौलाच्या प्रवासाशी सर्वांत चांगला जुळतो. सिद्ध मात्र तोही झालेला नाही.

पौलाने दुखण्याचे नाव लिहिले असते तर काय झाले असते? तो उतारा एका रोगाच्या लोकांपुरता उरला असता. नाव नसल्यामुळे कर्णबधिराला, अंधाला, निराशेने ग्रासलेल्याला, शेजाऱ्यांच्या छळाने बेजार झालेल्याला आपले दुखणे तिथे ठेवता आले. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्यापुढे आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याची इच्छा धरून. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्या शिक्षणाकडे वळल्या, १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. ते पूर्ण छापून निघाले १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पौलाच्या काट्याच्या ओळी ग्रीकवरून मराठीत आणणाऱ्या या बाईंना नीट ऐकू येत नव्हते. तर्तुल्यनाने नोंदवलेली कानदुखीची समजूत त्यांना ठाऊक होती का, कोण जाणे; पण शारीरिक उणिवेने वाट अडवली म्हणजे काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मराठी वाचकाला इथे तुकोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. टिळक तर म्हणतच, की आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोचलो. १६३०च्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, पत्नी अन्नावाचून गेली आणि त्याच दुष्काळाबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. भागवतातली कुंती कृष्णाकडे संकटेच मागते. पौलाचे वेगळेपण असे, की त्याने काटा मागितला नाही आणि आधी आभारही मानले नाहीत. त्याने तो काढण्यासाठी तीनदा गाऱ्हाणे घातले. वेदना ही वेदनाच आहे, ती जावी असे वाटणे हा अविश्वास नव्हे, हे त्याने उघडपणे लिहून ठेवले. समाधान नकारानंतर आले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण आजाऱ्याला आधीच 'देवाची इच्छा' सांगून गप्प बसवणाऱ्यांना पौल साथ देत नाही.

तो आणखीही काहींना साथ देत नाही. प्रार्थनेने सगळे रोग बरे होतात, बरा झाला नाहीस तर तुझा विश्वास कमी पडला, असे सांगणारे उपदेशक ख्रिस्ती समाजात आहेत. गंडा-दोरा करणारे बाबा आणि भगत इतर समाजांत आहेत. नव्या करारात पाहा. मिलिता बेटावर पौलाने पुब्ल्याच्या वडिलांचा ताप आणि हगवण बरी केली, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. दुसऱ्याचा ताप उतरवणाऱ्या त्याच माणसाचा काटा मात्र निघाला नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. एपफ्रदीत मरता मरता वाचला. तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या आजारांसाठी थोडा द्राक्षारस घे, असा सरळ उपाय पत्रात सांगितला आहे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आणि जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही नाकारले. यानंतर रोग्याच्या उशाशी बसून त्याचे पाप शोधण्याचा अधिकार कोणाही ख्रिस्ती माणसाला उरत नाही.

पूर्व विदर्भात या गोष्टीला फार वजन आहे. हिवतापाच्या जोडीला इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हे दोन आजार एकमेकांशी गुंतलेले आहेत: सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते, हे १९५४ साली ॲलिसन यांनी दाखवले, म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हा जनुक पिढ्यान्पिढ्या टिकला. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता पंचवीस टक्के. अशा मुलाचे हातपाय, पाठ, छाती अचानक असह्य दुखू लागते. काही दिवसांनी वेदना ओसरते आणि पुन्हा येते. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. मग करणी, बाधा, पूर्वजन्मीचे पाप अशी नावे त्याला मिळतात आणि आईला दोष दिला जातो. पौलाचा काटा जसा लोकांना कळला नाही, तसे या मुलांचे दुखणेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळत नाही.

गोंदिया जिल्ह्यात ख्रिस्ती लोक अगदी थोडे आहेत. या लेखाचे बहुतेक वाचक पौलाला देवाचा प्रेषित मानणारे नसतील. त्यांनी मानावे असा माझा आग्रहही नाही. एवढीच विनंती आहे: थंडी वाजून ताप आला की आशाताईंकडून रक्त तपासून घ्या आणि गोळ्या शेवटपर्यंत घ्या. लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी दोघांची सिकलसेल चाचणी करा. ती सरकारी दवाखान्यात होते. घरात कोणी दीर्घ दुखण्याने पडला असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा, आरती करा, दुवा मागा, पण त्याचे औषध बंद करू नका आणि तो बरा होत नाही याचा दोष त्याच्या श्रद्धेवर टाकू नका.